तंबाखूच्या गावातला कंप

अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारातून आग्र्याला परतला, तेव्हा बादशहाला नजर करायच्या चीजवस्तूंत त्याने तंबाखू आणि एक नक्षीदार चिलीमही नेली. साल साधारण १६०४. दरबारी हकिमाने हरकत घेतली, की या पानाचा आमच्या ग्रंथांत उल्लेख नाही. तरी अकबराने दोन-चार झुरके घेतलेच. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली. ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. मुघल दरबारात पोचलेली ती तंबाखू आमच्याकडून गेली होती. गोव्याच्या पोर्तुगीजांकडून ती घाट चढून आली, आदिलशाही मुलखात रुजली, आणि निपाणी त्याच मुलखात येते.

मी निपाणीची. जन्म तिथला, आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं तेही सीमाभागातच. आमच्या गावाचा इतिहास सांगायला बसलं की लोक देसाई निपाणकरांचा वाडा सांगतात, सीमाप्रश्न सांगतात, शेतकऱ्यांचं आंदोलन सांगतात. मला त्यातला हातांचा भाग सांगायचा आहे. तंबाखू खुडणारे, चाळणारे, बिडी वळणारे हात आणि त्यातले काही म्हातारपणी थरथरायला लागले, ते हात. हा विषय मी सोडू शकत नाही, याचं एक कारण घरातलं आहे: माझी आत्या. दुसरं कारण असं, की तंबाखू आणि कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, यांचं नातं जगभरच्या शास्त्रज्ञांना साठ वर्षांहून अधिक काळ कोड्यात टाकत आलं आहे, आणि ते कोडं आमच्या गावाइतकं जवळून क्वचितच कुणी पाहिलं असेल.

बिडीची तंबाखू आपल्या देशात मुख्यतः दोन पट्ट्यांत पिकत आली. एक गुजरातेतलं आणंद-खेड्याचं चरोतर, दुसरा आमचा निपाणी पट्टा. वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यातली काळी जमीन या पिकाला मानवते. अक्कोळच्या तंबाखूचं नाव तर बिडीवाले आजही आदराने घेतात. पावसाळ्यात तरू टाकायचं, मग लावण. रोप छातीला लागलं की शेंडे खुडायचे आणि बगलेतले फुटवे काढत राहायचे, म्हणजे झाडाचा सगळा जोर पानांत उतरतो. जोर उतरतो म्हणजे निकोटीन उतरतं. खुडताना हाताला चीक लागतो. तो वाळला की काळा होतो आणि साबणानेही सहज निघत नाही. सकाळी दव पडलेल्या रानात खुडायला गेलेल्या बायकांना मळमळतं, गरगरतं, डोकं धरतं. आमच्याकडे त्याला तंबाखू लागणं म्हणतात. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून रक्तात जातं म्हणून हे होतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने गुजरातेतल्या तंबाखू मजुरांमध्ये हा त्रास तपासून नोंदवून ठेवला आहे. आमच्या बायकांनी तो लिंबू चोखून काढला.

हिवाळ्यात कापणी होते, माल रानातच उन्हात वाळतो आणि मग वखारीत जातो. निपाणीतून पुणे-बेंगळुरू रस्त्याने गाडी गेली की काचा बंद असल्या तरी वास आत येतो, तो या वखारींचा. आत बायका माल कुटायच्या आणि चाळायच्या. जर्दा वेगळा, काडी वेगळी, भुकटी वेगळी. पदर नाकाला बांधलेला, भुवयांवर पिवळा थर, आणि एकीला शिंक आली की सगळ्यांना लागोपाठ. हे काम हंगामी, मजुरी ठेकेदाराच्या मर्जीवर. वखारीचं काम नसेल तेव्हा घरी बिडी.

आत्या चौदाव्या वर्षी बिडीला बसली. तिचा हात मी लहानपणी तासन्‌तास बघितलेला आहे. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला जर्दा, दुसऱ्या बाजूला रात्री भिजवून मऊ केलेलं टेंभुर्णीचं पान. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने चौकोन कापायचा, चिमूट जर्दा आडवा पसरायचा, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात पान गोल वळवत न्यायचं, टोक नखाने आत दुमडायचं आणि दोऱ्याचे वेढे देऊन हिसडा मारायचा. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. हिशेब हजारावर. कारखान्यात माल तपासणारा एखाद्या कट्ट्यात दोष काढून छाट टाकायचा, आणि छाटलेल्या मालाचे पैसे नाहीत. हजाराचा दर राज्य सरकार ठरवतं, म्हणून कर्नाटकात एक आणि कागल ओलांडलं की दुसरा. १९५६ मध्ये आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, त्या रेषेने भाषेची जखम केली हे सगळे बोलतात. त्याच रेषेने बिडीच्या हजारामागे बायकांच्या हातात किती पडणार हेही ठरवलं.

सरकारचं लक्ष या पिकाकडे आधी गेलं ते महसुलासाठी. १९४३ मध्ये तंबाखूवर केंद्रीय अबकारी बसली आणि शेतकऱ्याच्या घरातल्या मालाची मोजदाद इन्स्पेक्टर करू लागला. कच्च्या तंबाखूवरची ही अबकारी थेट १९७९ च्या अर्थसंकल्पात चरणसिंगांनी काढली. कर गेला, भाव मात्र व्यापाऱ्याच्याच हातात राहिला. मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडलं. रस्त्यावरच वस्ती उभी राहिली, तिला आंदोलननगर म्हणत. बैलगाड्या, चुली, रात्री भजन. ६ एप्रिलला पोलिसांनी ती मोडली, गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. आमच्या घरचे दोन पुरुष तिथे होते. त्या वर्षी गावातल्या चुली किती दिवस नीट पेटल्या नाहीत, हे निपाणीकरांना सांगावं लागत नाही.

त्याच सुमारास वखारीतल्या बायका उठल्या. प्रा. सुभाष जोशींनी त्यांची संघटना बांधली, आणि शिवी दिली तर काम बंद, हे त्यांनी पहिल्यांदा करून दाखवलं. दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर गटाने १९८२ मध्ये त्यावर 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा चित्रपट केला. त्यात या बायकाच बोलतात, स्वतःच्या भाषेत. मी तो पुष्कळ उशिरा पाहिला. पडद्यावर धूळ दिसली आणि मला घरातला वास आला. भाव, मजुरी, शिवीगाळ, शौचालय, पाळणाघर या सगळ्यासाठी भांडण झालं आणि ते योग्यच होतं. नाकातोंडातून आणि कातडीतून चाळीस वर्षं जे आत गेलं त्याने मेंदूचं काय होतं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. टीबी आणि दमा दिसत होते, तेवढ्यावरच दवाखान्याची फेरी संपायची.

आत्याचा रोग आधी नाकातून आला. हाताला वास घेऊन जर्दा जुना की नवा, पावसात भिजलेला की कोरडा, हे सांगणारी बाई ती. साठी गाठली आणि एक दिवस म्हणाली, "अगं, जर्द्याचा वासच मेलाय बघ. माल बदलला काय?" माल तोच होता. आम्ही समजलो, एवढी वर्षं धुळीत बसल्यावर नाक जाणारच. वास जाणं ही कंपवाताची फार लवकरची खूण आहे, हात कापायच्या कितीतरी वर्षं आधीची. तिच्या जोडीला बद्धकोष्ठ, आणि झोपेत हातपाय झाडणं. हे सगळं तिला होतं. मग उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर आपोआप फिरायला लागला, काम नसताना, मांडीवर हात ठेवलेला असताना. इंग्रज डॉक्टरांनी या हालचालीला औषधाची गोळी वळण्याची उपमा दिली, कारण त्यांच्या काळी औषधवाले बोटांनी गोळ्या वळत. आमच्या घरात कुणाला उपमा शोधावी लागली नाही. शेजारीण दारातून म्हणाली, "वैनी, रिकाम्या हातानं बिडी वळतायसा व्हय?" आत्याने हात पदराखाली घेतला.

बेळगावला नेलं तेव्हा न्यूरॉलॉजिस्टने तिला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर सही करायला लावली. सही शेवटाकडे बारीक होत गेली होती. निदान तिथेच झालं, कुठलंही यंत्र न लावता. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या रोगावर छोटी पुस्तिका लिहिली तेव्हा त्याच्याकडेही सहाच रुग्ण होते आणि त्यातले काही त्याने रस्त्यात नुसते पाहिलेले होते. डोळ्याने ओळखायचा रोग आहे हा. आपल्याकडे माधवनिदानात वेपथु म्हणून जो वातविकार येतो, तोही असाच पाहून लिहिलेला.

आता कोड्याकडे येते. १९५९ मध्ये हॅरॉल्ड डॉर्न यांनी अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला. सिगारेट ओढणारे फुप्फुसाच्या कर्करोगाने आणि हृदयविकाराने भराभर मरत होते. कंपवाताने मरणाऱ्यांत मात्र ओढणारे अपेक्षेपेक्षा कमी निघाले. पहिल्यांदा वाटलं, ओढणारे आधीच मरतात, मग कंपवात होणार कुणाला? पण वयाचा हिशेब काटेकोर करूनही फरक उरला. ब्रिटिश डॉक्टरांची जी पाहणी १९५१ मध्ये सुरू झाली, तिचा ६५ वर्षांचा हिशेब २०२० मध्ये आला: ओढणाऱ्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी. स्वीडनमध्ये ओठात तंबाखू धरणाऱ्यांतही असंच दिसलं.

ही माहिती आमच्याकडे अर्धीच पोचली. 'बिडी ओढणाऱ्याला कापरं भरत नाही' हे मी निपाणीच्या चौकात ऐकलं आहे, आणि वर्गातल्या मुलानेही मला विचारलं आहे. म्हणून उरलेली अर्धी सांगणं माझं काम समजते. निकोटीनच तारक असेल तर रुग्णाला ते देऊन बघू, असं म्हणून जर्मनी आणि अमेरिकेत नव्याने रोग झालेल्या १६२ जणांवर निकोटीनच्या पट्ट्यांची चाचणी झाली. निष्कर्ष २०२३ मध्ये आला. रोग जराही मंदावला नाही. त्याआधी २०१४ मध्ये डेन्मार्कच्या नोंदींवरून बिआटे रिट्झ आणि सहकाऱ्यांनी वेगळीच बाजू दाखवली होती: ज्यांना पुढे कंपवात होणार असतो, त्यांना तंबाखू सोडणं सोपं जातं. ज्याच्या तुटवड्याने हात कापतात ते मेंदूतलं डोपामाइन आधीच ओसरायला लागलेलं असतं, त्यामुळे झुरक्यातून मिळणारी तृप्तीच फिकी पडते. म्हणजे तंबाखूने रोग टळला असं दिसतं, तिथे निदान काही अंशी रोगानेच तंबाखू सोडवलेली असते. आत्या बिडी ओढत नव्हती, पण रोज सकाळी मशेरी लावायची आणि उरलेला दिवस जर्द्यात बसायची. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २००६ मध्ये बिडी कामगारांवर निबंध प्रसिद्ध केला. न ओढता, कामातूनच निकोटीन शरीरात जातं आणि पेशींवरचा ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, असं त्यात दाखवलं आहे. एका बाईवरून सिद्धांत होत नाही, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. पण अशा हजारो बायका आहेत.

शिवाय तंबाखूच्या रानात नुसती तंबाखू नसते. अळीला, माव्याला औषध मारावं लागतं. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी आणली, तोवर ते आमच्या शिवारात पाण्यासारखं वापरलं गेलं. पाठीवर पंप, तोंडाला काही नाही. त्याच २०११ मध्ये अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबांच्या पाहणीत रोटेनोन आणि पॅराक्वाट वापरणाऱ्यांना कंपवाताचा धोका जवळजवळ अडीचपट आढळला. रोटेनोन पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या, म्हणजे मायटोकाँड्रियातल्या, श्वसनसाखळीचा पहिलाच टप्पा रोखतं. ऊर्जा येते साखरेतून, म्हणून इथून गोष्ट साखरेकडे वळते, आणि आमच्या गावाचा इतिहासही साखरेकडेच वळला.

काळम्मावाडीचं धरण झालं, दूधगंगेचं पाणी खाली आलं, आणि ज्या रानात तंबाखू होती तिथे ऊस उभा राहू लागला. हालसिद्धनाथ कारखान्याचा भोंगा आता आमच्या हिवाळ्याचा आवाज आहे. तंबाखू गेली नाही, पण मागे हटली. पोटाला साखरेने आधार दिला, हे मान्य करते. मात्र जी साखर मेंदूला लागते ती वेगळ्या हिशेबाची. शरीराच्या वजनात मेंदू दोन टक्के, आणि ऊर्जेचा वाटा जवळपास पाचवा, तोही बहुतेक ग्लुकोजमधून. डोपामाइन बनवणाऱ्या पेशी तर फारच खर्चिक. त्यांच्या शाखा इतक्या लांबवर आणि इतक्या दाट पसरलेल्या असतात की ऊर्जेचा पुरवठा थोडा घटला तरी या पेशी आधी कोलमडतात. किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोज टोचून मेंदूची पेट तपासणी केली, तर कंपवातात कुठल्या भागात साखर जास्त जळते आणि कुठल्या भागात कमी, याचा ठरावीक नकाशा दिसतो.

हे का होतं, याचं एक मोठं उत्तर २०१० मध्ये मिळालं. जनुकं शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच असतात. त्यातली कुठली चालू, कुठली बंद, कुठली किती जोराने चालू, यावर पेशीचं काम ठरतं. क्लेमेन्स शेर्झर यांच्या गटाने जनुकांच्या या चालू-बंदचे सतरा वेगवेगळे अभ्यास एकत्र केले. नमुने ४१०. कंपवात झालेल्यांच्या पेशींत ग्लुकोज वापरण्याची, त्याची पातळी ओळखण्याची आणि मायटोकाँड्रियात त्यातून ऊर्जा काढण्याची जनुकं मंदावलेली होती. ज्यांना हयातीत एकही लक्षण नव्हतं पण मेंदूत रोगाचा शिरकाव झालेला होता, त्यांच्यातही हीच मंदी आढळली. या सगळ्या जनुकांना एकत्र चालवणारा एक नियंत्रक आहे, पीजीसी-१ अल्फा नावाचा. तोच थकलेला दिसला. हे वाचलं तेव्हा मला आत्याचं मेलेलं नाक आठवलं. हात कापायच्या आधीच्या त्या दहा-बारा वर्षांत आत काय चाललं असेल, त्याचा पहिला धड अंदाज मला त्या निबंधाने दिला.

पुढचं पाऊल २०१९ चं. टेराझोसिन हे प्रोस्टेटसाठी म्हाताऱ्या पुरुषांना दिलं जाणारं जुनं, स्वस्त औषध. बीजिंग आणि आयोवाच्या संशोधकांना आढळलं की ते पीजीके-१ या विकराचा जोर वाढवतं. हा विकर ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतला. प्राण्यांत त्याने पेशी वाचल्या, आणि रुग्णांच्या जुन्या नोंदींतही हे औषध घेणाऱ्यांचा आजार सावकाश वाढलेला दिसला. रोग थांबवणारं औषध म्हणून ते अजून सिद्ध झालेलं नाही. फिनलंडमध्ये पन्नास हजारांवर लोकांची पाहणी होऊन २००७ मध्ये मधुमेहाचाही संबंध पुढे आला: टाइप दोनचा मधुमेह असणाऱ्यांना कंपवाताचा धोका अधिक. ज्या पट्ट्यात घरटी एकाला मधुमेहाची गोळी चालू आहे, त्या पट्ट्याने हे ऐकायला हवं.

उपचाराचा एक धागा मात्र आमच्याच डोंगरातून निघतो. खानापूर, चंदगड, चोर्ल्याच्या जंगलात खाजकुयली वेलभर लटकते. तिच्या शेंगेची लव अंगाला लागली की माणूस वेडा होतो. वैद्यांची ती कपिकच्छू. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये तिच्या बियांतून एल-डोपा वेगळं काढलं. तेव्हा त्याचा कंपवाताशी संबंध कुणाला माहीत नव्हता. मेंदूत डोपामाइनचं काम काय हे आर्विड कार्लसन यांनी १९५७ नंतर उलगडलं, आणि १९६० च्या दशकात हेच एल-डोपा लेव्होडोपा या नावाने रुग्णांच्या हातात आलं. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कुयलीचं चूर्णच रुग्णांना देऊन त्याचे परिणाम छापले. आत्याला मी चूर्ण दिलं नाही. बीमध्ये डोपा किती हे दर खेपेला बदलतं, आणि तिची लेव्होडोपाची गोळी मोजून चालू होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण डाळ-दुधातलं प्रथिन तिची वाट अडवतं. गोळी लागू पडली की ती स्वतःच्या हाताने भाकरी मोडून खायची. आमच्या घरात तेवढ्यासाठी घड्याळ बघितलं जायचं.

तंबाखूत काम केलेल्या बायकांचा अभ्यास आमच्याच भागात होऊ शकतो. बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याआधीपासून कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि नेहरूनगरात २००६ पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था आहे, जी आता राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था म्हणून पश्चिम घाटातल्या वनस्पतींवर काम करते. निपाणी तिथून दीड तासावर. १९७६ च्या बिडी कामगार कल्याण निधी कायद्याखाली बायकांना ओळखपत्रं मिळाली. निधीचा उपकर २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेला, तरी ती पत्रं पत्र्याच्या ट्रंकांत जपून ठेवलेली आहेत. भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या आहेत. कुणी किती वर्षं वळलं, कुणी वखारीत होतं, कुणाच्या रानात कुठलं औषध मारलं, हे सांगणाऱ्या बायका आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. त्यांच्या दारात जाऊन आधी नाकाची परीक्षा घ्यावी: लवंग, कॉफी, साबण, जर्दा. मग झोप विचारावी, पोट विचारावं, कागदावर नाव लिहायला सांगावं, येत नसेल तर रेघांची नक्षी काढायला लावावी, रक्तातली साखर बघावी आणि परवानगीने जनुकांसाठी थेंबभर रक्त घ्यावं. बिडी न वळलेल्या त्याच गल्लीतल्या बायकाही तुलनेला घ्याव्यात. अक्कोळ, निपाणी आणि सौंदलगा एवढ्या तीन ठिकाणांपासून सुरुवात करता येईल. मराठीत विचारणारी माणसं लागतील, आणि त्या कामाला माझ्या जुन्या विद्यार्थिनी तयार आहेत.